सहा गट आणि हात धुण्याची रांग: सातवीच्या वर्गातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बीड आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सीमेलगतच्या ज्या टापूतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, तिथल्या एका जिल्हा परिषद शाळेतील हे प्रकरण आहे. शाळा पहिली ते सातवीची असून त्या वर्षी तिचा पट १४६ होता. सातवीत १७ मुली आणि १४ मुलगे असे ३१ विद्यार्थी होते. मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक होतो आणि गणित व विज्ञान हे विषय शिकवत होतो. शाळेची आणि मुलांची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत. मुलांचा उल्लेख त्यांच्या गटावरून केला आहे.

गटकार्य आमच्याकडे नवे नाही. ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून आपले ज्ञान घडवते या विचाराची, चर्चा शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत वर्षानुवर्षे होत आली आहे, आकारिक (म्हणजे शिकत असतानाच वेळोवेळी होणाऱ्या) मूल्यमापनाच्या साधनांत गटकार्याचा उल्लेख आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मिळून काम करण्याच्या व प्रश्न सोडवण्याच्या क्षमतेवर भर दिलेला आहे. त्यामुळे जून संपता संपता मी वर्गाचे सहा गट केले आणि त्यांना आपल्या भागातल्या नद्यांची नावे दिली: गोदावरी, भीमा, सीना, मांजरा, प्रवरा आणि मुळा. पाच गटांत पाच-पाच मुले आणि मुळा गटात सहा. सहावीच्या निकालपत्रकावरून पहिल्या सहा क्रमांकांची मुले काढली आणि त्यांना गटप्रमुख नेमले. ही नेमणूक मी सर्व वर्गासमोर, क्रमांक वाचून दाखवत केली. त्या पाच मिनिटांत मी वर्गाला काय सांगितले, हे मला पुढे दोन महिन्यांनी कळले.

समस्या

जुलै आणि ऑगस्टमध्ये गटांनी विज्ञानाचे आणि गणिताचे तक्ते केले. तक्ते सुबक होते. भिंती भरल्या, पालकांनी कौतुक केले, आणि मीही समाधानी होतो. उत्तम तक्त्याला पाच गुण आणि सादरीकरणाला पाच गुण अशी गटांमध्ये स्पर्धा ठेवली होती व गुणांची बेरीज फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेली असे.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, वर्गाला भेट देण्यास आले असताना भीमा गटाने जलचक्राचा तक्ता सादर केला. गटप्रमुख मुलगी न अडखळता बोलली. त्यानंतर केंद्रप्रमुखांनी शेवटी उभ्या असलेल्या मुलाला तक्त्यावरील एका बाणाकडे बोट दाखवून, हा बाण वर का गेला आहे, असे सहज विचारले. मुलगा गप्प राहिला. प्रश्न अवघड नव्हता. पण तो तक्ता त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला होता. गटप्रमुखाने तो आपल्या थोरल्या बहिणीच्या मदतीने घरी बसून केला होता. मी ठरल्याप्रमाणे सादरीकरणाचे दोन गुण कमी केले. पाहुणे गेल्यावर ती मुलगी सर्वांसमोर म्हणाली, “याच्यामुळं आमचे गुण गेले.” गटातल्या इतरांनी माना डोलावल्या.

तो मुलगा पुढचे तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी त्याची आजी त्याला घेऊन आली. आईवडील हंगामाला गेले की हाच मुलगा तिच्याजवळ राहत असे. ती वर्गाच्या दाराशी उभी राहून मला म्हणाली, “गुरुजी, पोराला काम तरी द्या की. नुसतं बसवून ठेवता आन् मग त्यालाच बोल लावता.”

त्या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे का, हे पाहण्यासाठी मी पुढच्या आठवड्यात एक साधी नोंद ठेवली. गटकार्य चालू असताना रोज एका गटाजवळ २० मिनिटे बसायचे, काही बोलायचे नाही, आणि कोण किती वेळा कामाविषयी बोलले याच्या वहीत उभ्या रेघा मारायच्या. स्केचपेन कोणाच्या हातात आहे, हेही लिहायचे. भीमा गटात गटप्रमुख ३४ वेळा बोलली, तिच्या शेजारची मुलगी १९ वेळा आणि उरलेले तिघे मिळून सहा वेळा. त्या सहापैकी चार वेळचे बोलणे “पट्टी दे”, “खोडरबर कुठंय” एवढेच होते. स्केचपेन पूर्ण वेळ एकाच हातात होता. इतर पाच गटांचे आकडे थोडेफार वेगळे असले तरी चित्र तेच होते. ज्या सात मुलांची कुटुंबे ऊसतोडीला जात, त्यांपैकी सहा जण आपापल्या गटात सर्वांत कमी बोलणाऱ्यांमध्ये होते. हे मी आधी पाहायला हवे होते.

माणसे वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, ही गोष्ट मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याच्या प्रयोगांतून १९१३ मध्ये मांडली होती. पण माझ्या वर्गातले तिघे अंग चोरत होते असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरले असते, कारण दोर त्यांच्या हातात आलाच नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठात गटकार्याचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ कोहेन यांनी सांगितलेले कारण इथे जास्त लागू पडत होते. वर्गात ज्याला हुशार मानले जाते त्याच्याकडे सगळे वळतात, तो अधिक बोलतो, अधिक शिकतो, आणि मानलेली हुशारी त्यामुळे आणखी पक्की होते; ज्याला कच्चा मानले जाते त्याचे बरोबर उत्तरही कोणी ऐकून घेत नाही. माझ्या वर्गात हुशार कोण, हे मी स्वतः निकालपत्रक हातात घेऊन जाहीर केले होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय गटकार्य थांबवण्याचा होता. मुख्याध्यापकांचा कल काहीसा तिकडे होता आणि त्यांचे म्हणणे अवाजवी नव्हते: दिवाळीनंतर काही मुले निघून जाणार, तेव्हा त्यांच्या हाती जेवढा अभ्यासक्रम पोहोचवता येईल तेवढा आताच पोहोचवावा. मला हे पटले नाही, कारण फळ्यासमोर शिकवतानाही तीच मुले गप्प असत. फरक इतकाच की तिथे त्यांचे गप्प असणे दिसत नव्हते.

दुसरा पर्याय पाचवीच्या बाईंनी सुचवला. समान पातळीच्या मुलांचे गट करावेत, म्हणजे मागे पडणाऱ्यांच्या गटात कोणाला तरी बोलावेच लागेल. यात तथ्य आहे आणि वाचनाच्या सरावासाठी मी असे गट आजही करतो. पण वर्षभरासाठी असा गट केला असता, तर दोन दिवसांत मुलांनी त्याला नाव ठेवले असते, आणि ते नाव कोणते असते हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

तिसरा पर्याय प्रशिक्षणांत नेहमी सांगितला जातो: गटप्रमुख, लेखनिक, वेळ पाहणारा, साहित्य सांभाळणारा अशी कामे वाटून द्यावीत आणि ती पाळीपाळीने बदलावीत. मी हे आदल्या वर्षी करून पाहिले होते. वेळ पाहणारा मुलगा घड्याळाकडे पाहत बसे, साहित्य सांभाळणारी मुलगी कात्री आणून देई, आणि विचार करण्याचे काम पूर्वीप्रमाणेच एकाकडे राही. व्यवस्था वाटली गेली तरी डोके चालवण्याची गरज वाटली जात नव्हती.

चौथा पर्याय मूळ कामच बदलण्याचा होता. मी दोन महिन्यांतील सर्व गटकार्यांची यादी काढली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: हे काम एखाद्या मुलाने घरी एकट्याने केले असते, तर चांगले झाले असते का? अकरापैकी दहा कामांपुढे “हो” असे उत्तर आले. जे काम एकट्याने अधिक चांगले होते, ते पाच जणांत वाटण्यासाठी मुलांना कोणतेही खरे कारण नव्हते. गटप्रमुख मुलीने तक्ता घरी नेला, यात तिची लबाडी नव्हती. मी ठेवलेल्या गुणांसाठी तोच सर्वांत शहाणपणाचा मार्ग होता.

मी चौथा पर्याय निवडला आणि त्याबरोबर तीन गोष्टी ठरवल्या. गटांची स्पर्धा बंद करायची. कायमचे गटप्रमुख नकोत. आणि काम झाल्यावर गटाच्या वतीने कोण बोलणार, हे ऐन वेळी चिठ्ठी टाकून ठरवायचे, म्हणजे प्रत्येकाला समजले आहे याची काळजी गटालाच घ्यावी लागेल. फळ्याच्या कोपऱ्यातली गुणांची बेरीज मी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी पुसली.

पहिली कृती: चिठ्ठ्यांमधले पाणी

अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये, वर्णावरून वेगळ्या ठेवलेल्या शाळा एकत्र केल्यानंतर वर्गांत तेढ वाढली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी एक पद्धत काढली होती. पाठाचे तुकडे करून गटातील प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा, म्हणजे इतरांचे ऐकल्याशिवाय कोणाचेच काम पूर्ण होत नाही. मी याच कल्पनेवर एक गणित रचले. गटातील पाच जणांना पाच चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, फक्त सांगायची, हा नियम केला. एका चिठ्ठीत शाळेच्या पत्र्याखालच्या जागेची लांबी १८ मीटर, दुसरीत रुंदी ७ मीटर, तिसरीत काल १२ मिलिमीटर पाऊस झाल्याची माहिती, चौथीत एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते हा नियम, आणि पाचवीत प्रश्न: या पाण्याने १००० लिटरची टाकी किती भरेल? मुळा गटाच्या सहाव्या मुलाला मी पत्र्याच्या जाडीची चिठ्ठी दिली. ती माहिती उत्तरासाठी निरुपयोगी होती, आणि ती निरुपयोगी आहे हे ओळखणे हेही गटाचे काम होते.

वर्गात त्या दिवशी पहिल्यांदा सहाही गटांतून आवाज येत होता. उत्तर १५१२ लिटर, म्हणजे एक टाकी भरून ५१२ लिटर उरतात, असे चार गटांनी काढले. सीना गटातल्या एका मुलीने मात्र मला थांबवले. पत्रा तर उतरता आहे, मग पत्र्याची लांबी धरायची की खालच्या जमिनीची, असे तिने विचारले. हंगामात तिचे कुटुंब पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत, राहत असे आणि उतारावरून पाणी कुठे पडते हे तिने पुष्कळदा पाहिले होते. चिठ्ठीत मी “पत्र्याखालच्या जागेची” हे शब्द मुद्दाम घातले होते. पण ते का घातले हे विचारणारी ती एकटीच निघाली. मी तिचा प्रश्न सर्व वर्गाला सांगितला आणि त्यावर दहा मिनिटे घालवली. उतरत्या पत्र्यावरही पाऊस तेवढाच पडतो जेवढी त्याच्याखालची आडवी जागा असते, म्हणून लांबी खालच्या जमिनीची धरायची, हे आम्ही वही तिरकी धरून पाहिले.

याच तासाला माझ्याकडून एक चूक झाली. मूळ पद्धतीत एकसारखा तुकडा मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो समजून घेतात व मग आपापल्या गटात परततात. तासिका ३५ मिनिटांची असल्याने मी हा टप्पा गाळला. भीमा गटातल्या त्या मुलाच्या वाट्याला नेमकी नियमाची चिठ्ठी आली, जी सर्वांत लांब होती. त्याला अक्षरे जुळवत वाचावे लागे. तो बोट ठेवून वाचू लागला, दोन शब्दांवर अडला, आणि शेजारच्या मुलीने चिठ्ठी त्याच्या हातातून ओढून घेतली. नियम मोडला, पण गटाचे काम त्यामुळेच पुढे गेले. मी सहा पावलांवर उभा राहून हे पाहिले आणि मधे पडलो नाही. ज्याला काम द्यायचे म्हणून हे सर्व आखले होते, त्याचेच उणे मी पुन्हा चार जणांसमोर उघडे केले होते.

पुढच्या वेळेपासून मी दोन सलग तासिका घेतल्या आणि गाळलेला टप्पा परत आणला. एकसारख्या चिठ्ठीची सहा मुले आधी एकत्र बसत, एकमेकांना वाचून दाखवत आणि आपण गटात जाऊन काय सांगणार हे दोनदा म्हणून पाहत. त्या मुलाचे वाचन यामुळे सुधारले असे मी म्हणणार नाही. पण गटात परतताना त्याला काय सांगायचे ते पाठ असे, आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवून तो बोलत असे.

दुसरी कृती: हात धुण्याची रांग

चिठ्ठ्यांचे गणित कितीही चांगले असले तरी त्याचे उत्तर मला आधीच माहीत होते आणि ते मला माहीत आहे हे मुलांनाही ठाऊक होते. सप्टेंबरच्या अखेरीस मी एक असा प्रश्न वर्गापुढे ठेवला ज्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मधली सुट्टी ४० मिनिटांची. पोषण आहारापूर्वी १४६ मुले हात धुणार. सहापैकी चार नळ चालू. रांगेत ढकलाढकली होई, पहिली-दुसरीची मुले मागे राहत आणि पुष्कळदा हात न धुताच ताटाकडे पळत.

फळ्यावर मी चार ओळी लिहिल्या: प्रश्न नेमका काय आहे? आपल्याला काय माहीत आहे? काय करून पाहता येईल? करून पाहिल्यावर काय कळले? हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांचे हे आमच्या वर्गापुरते रूप होते. मुलांना पहिली ओळ ओलांडून थेट तिसरीवर जायचे होते. पहिल्याच मिनिटाला “नळ वाढवा” असे तीन आवाज आले. मी आठवडाभर उपाय बोलण्यास बंदी केली आणि सहा गटांना पाहण्याची सहा कामे दिली: एका मुलाला नळावर किती वेळ लागतो, नळातून मिनिटाला किती पाणी येते, साबण कुठे अडतो, लहान मुले रांगेत काय करतात, सांडपाणी कुठे जाते, आणि खिचडी किती वाजता तयार होते.

भीमा गटाकडे नळाचे पाणी मोजण्याचे काम होते. तो मुलगा बादली आणि लिटरचे माप घेऊन प्रत्येक नळाखाली बसला, माझ्या मोबाइलवर मिनिट लावले, आणि चारही नळांची तीन-तीन मापे घेतली. एका नळाची तीन मापे जुळेनात, तेव्हा कोणी न सांगता त्याने चौथ्यांदा मोजले. सरासरी मिनिटाला सहा लिटर आली. वेळ मोजणाऱ्या गटाला एका मुलामागे सरासरी ३५ सेकंद मिळाले. १४६ ला ३५ ने गुणून चार नळांत वाटले की १२७७ सेकंद, म्हणजे २१ मिनिटांहून थोडा अधिक वेळ येतो. अर्धी सुट्टी रांगेत जात होती. आणि नळ सतत चालू राहिल्याने रोज ५११ लिटर पाणी वाहत होते, तेही उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या गावात. हा आकडा मुलांनी स्वतः काढला असल्यामुळे त्यांना तो फार लागला.

यानंतर गट मोडून पाच नवे गट केले, असे की प्रत्येक नव्या गटात जुन्या प्रत्येक गटातले निदान एक मूल असेल. आता कोणाचीही माहिती दुसऱ्याजवळ नव्हती. वाद झाले. एका गटात पाणी मोजणारा आणि वेळ मोजणारी यांच्यात आवाज चढले आणि मला मधे जाऊन “मला तसं वाटत नाही, कारण…” असे वाक्य फळ्यावर लिहावे लागले.

पाच गटांतून चार वेगवेगळे उपाय आले: दोन नळ दुरुस्त करणे, वर्गांना वेगवेगळ्या वेळी सोडणे, सातवीच्या मुलांनी रांगेवर देखरेख ठेवणे, आणि चौथा थोडा वेगळा होता. मांजरा गटातून आलेली, क्वचितच बोलणारी एक मुलगी म्हणाली की टँकरचे पाणी आले की आई आधी सगळी भांडी घासून ठेवते आणि मग एकदाच पाणी घेऊन विसळते. आपण नळाखाली उभे राहून घासतो, म्हणून वेळ लागतो. तिच्या गटात हे वाक्य हरवले असते. लेखनिकाने ते लिहिले, कारण प्रत्येकाचे निदान एक म्हणणे कागदावर यायलाच हवे असा नियम होता.

इथे माझ्यासमोर खरा निर्णय होता. तिचा उपाय सर्वांत चांगला आहे हे मला ऐकताक्षणी कळले होते आणि मी तसे सांगितले असते, तर एका तासात विषय संपला असता. दुसरीकडे वर्गातील बहुमत देखरेखीच्या बाजूने होते, कारण त्यात सातवीला अधिकार मिळणार होता. मी दोन दिवस काहीच बोललो नाही. शेवटी असे ठरले की देखरेख एक आठवडा आणि “आधी घासणे” एक आठवडा असे दोन्ही करून पाहायचे आणि दोन्ही वेळा वेळ मोजायचा. देखरेखीच्या उपायाने वेळ घटला नाही, भांडणे वाढली, आणि दुसरीची दोन मुले रडत बाईंकडे गेली. मुलांनी तो चौथ्या दिवशी आपणहून थांबवला. तो आठवडा वाया गेला असे सहकाऱ्यांना वाटले. मला वाटत नाही, कारण आपल्या आवडीचा उपाय आकड्यांपुढे सोडून देणे मुलांनी तेव्हाच केले.

दुसऱ्या आठवड्यात झाकणाला भोके पाडलेल्या चार बाटल्यांत साबणपाणी भरून त्या रांगेच्या तोंडाशी सुतळीने टांगल्या. रांगेत उभे असतानाच हात चोळायचे आणि नळावर फक्त धुवायचे. नळावरचा वेळ १५ सेकंदांवर आला. गणिताप्रमाणे रांग नऊ मिनिटांत संपायला हवी होती. प्रत्यक्षात १२ मिनिटे लागली, कारण लहान मुले बाटलीशी खेळत. रोजचे पाणी ५११ लिटरवरून २१९ लिटरवर आले. मी परिपाठाच्या वेळी सर्व शाळेसमोर सांगितले की भांडी घासण्याच्या रीतीवरून हात धुण्याची रीत ओळखणे हे दोन वेगळ्या गोष्टींतले साम्य पकडणे आहे आणि ते या मुलीने केले. कोहेन यांनी अशा जाहीर दखलेला फार महत्त्व दिले आहे, मात्र ती दखल खरी आणि नेमकी असली पाहिजे. “छान, शाब्बास” एवढ्याने वर्गाचे मत बदलत नाही.

निष्पत्ती

डिसेंबरमध्ये मी पुन्हा भीमा गटाजवळ २० मिनिटे बसलो. पूर्वीची गटप्रमुख २१ वेळा बोलली, दुसरी मुलगी १६ वेळा आणि उरलेले तिघे मिळून २७ वेळा. त्यांत तो मुलगा सात वेळा. चिठ्ठीत त्याचे नाव पहिल्यांदा निघाले तेव्हा त्याने पुढे येण्यास नकार दिला होता. नियम सर्वांना सारखा ठेवावा की त्याला सवलत द्यावी, असा पेच पडला. मी ज्याचे नाव निघेल त्याने हवे तर एक सोबती घेऊन यावे अशी मुभा सर्वांनाच दिली. तो दोनदा सोबत्याबरोबर आला, तिसऱ्यांदा एकटा. त्याचे वाचन अजूनही मागे आहे आणि त्यासाठी स्वतंत्र काम चालू आहे.

ज्या मुलीने “आमचे गुण गेले” असे म्हटले होते, तिच्याकडे मात्र माझे दुर्लक्ष झाले. ऑक्टोबरमध्ये तिच्या आईने येऊन सांगितले की मुलगी घरी रडते, आता सर मला काही विचारत नाहीत म्हणते. दोन महिने मी तिला पुढे केले होते आणि एका सोमवारी, कारण न सांगता, ती जागा काढून घेतली होती. तिच्याशी बसून बोललो तेव्हा ती म्हणाली, “मग मी काय करू?” मी तिला दुसऱ्याला उत्तर न सांगता प्रश्न विचारून त्याच्याकडून ते काढून घेण्याचे काम दिले. ते तिला जड गेले, अजूनही जाते, पण आपल्याला काम आहे हे तिला पटले.

शिकण्याच्या बाबतीत एक गोष्ट मला उशिरा दिसली. रांगेचा प्रश्न वर्गाने सोडवला म्हणून प्रत्येकाला तो सोडवता येतो असे मी धरून चाललो होतो. नोव्हेंबरमधील चाचणीत मी आकडे बदलून तेच गणित वैयक्तिक दिले. पूर्ण बरोबर उत्तर २७ पैकी १६ जणांचे आले. अकरा मुले त्या यशात सहभागी होती, पण त्यामागची रीत त्यांच्या हाती आलेली नव्हती.

चाचणीला २७ मुले होती, कारण दिवाळीनंतर चार जण आईवडिलांबरोबर हंगामाला गेले होते. भांडी घासण्याची गोष्ट सांगणारी मुलगी त्यांत होती.

पुन्हा करायचे झाल्यास

गटप्रमुख मी जाहीर करणार नाही आणि निकालपत्रक वर्गात आणणार नाही. ज्यांना आजवर पुढे ठेवले त्यांच्याशी बदल करण्यापूर्वी बोलेन. चिठ्ठ्यांच्या कृतीला दोन तासिका मिळत नसतील, तर ती त्या दिवशी घेणारच नाही. प्रत्येक गटकार्यानंतर दुसऱ्याच दिवशी पाच मिनिटांचा एक वैयक्तिक प्रश्न देईन, म्हणजे कोणाला काय समजले नाही हे कळायला दोन महिने लागणार नाहीत. असहमती कशी सांगावी, याचा सराव भांडण झाल्यावर न करता जूनमध्येच परिपाठात करून घेईन. स्वयंपाकी ताईंनाही आधी विचारेन. खिचडी रोज दहा मिनिटे आधी तयार असते आणि धाकट्या मुलांना तेव्हाच सोडता येईल, हे त्यांना ठाऊक होते, पण गटाने विचारले ते सर्वांत शेवटी.

भांडी घासण्याची गोष्ट सांगणारी ती मुलगी मार्चच्या शेवटी परत आली. पहिला आठवडा ती गटात पूर्वीसारखीच गप्प होती. नोव्हेंबरपर्यंत मिळवलेली जागा पाच महिन्यांत विरली होती. मी वर्गाला काही आठवण करून दिली नाही, आणि द्यायला हवी होती असे आता वाटते. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी बाटल्या पुन्हा भरायच्या होत्या आणि साबणपाणी किती घट्ट करावे यावर दोन मुलांचा वाद चालला होता. भीमा गटातला तो मुलगा बाटली घेऊन तिच्याकडे गेला आणि म्हणाला, “तूच सांग, तुझं आहे हे.” ती उठली आणि बादलीपाशी गेली.